संशोधनाची मोट कशी बांधायची?

पाऊस पडून कपाशीची लागवड सुरू झाली की जामनेर, पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर या पट्ट्यात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. कोणी रात्री वीज आली म्हणून मोटर सुरू करायला मळ्यात गेलेला असतो, कोणी निंदताना गवतात हात घातलेला असतो, कोणी घरातच जमिनीवर झोपलेला असतो. उपचाराची पद्धत ठरलेली आहे. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे नळी न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे असे समजून सर्पविषरोधी लस, म्हणजे प्रतिविष सुरू करायचे. साधी, बिनखर्चाची चाचणी आहे आणि तिने आजवर असंख्य जीव वाचवले आहेत.

पण एक प्रश्न सर्पदंशाचे रुग्ण पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पडतो. एका रुग्णाचे रक्त दहा कुप्यांत गोठू लागते. दुसऱ्याला पुन्हा तेवढ्याच कुप्या द्याव्या लागतात, तरी त्याच्या मूत्रपिंडावर परिणाम होतोच. असे का? तो उशिरा आला म्हणून? साप मोठा होता म्हणून? की विषच वेगळे होते? भारतात प्रतिविष तयार करण्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. 1978 साली स्थापन झालेली ही संस्था साप पकडून, विष काढून त्यांना पुन्हा सोडून देते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींचे विष घोड्यांना अगदी थोड्या प्रमाणात टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवतात. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे प्रयोगशाळांनी दाखवून दिले आहे. मग अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याच्या घोणशीवर दक्षिणेतल्या विषापासून केलेले औषध पुरेपूर लागू पडते का?

प्रश्न लहान नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवणारा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये जाहीर केला. उद्दिष्ट दिल्लीत ठरले; उत्तर मात्र तालुक्यातल्या खाटांवर शोधावे लागणार आहे.

एकट्याने होते ते आणि न होणारे

एकटा डॉक्टरही मोठे संशोधन करू शकतो. महाराष्ट्राला हे सांगायला नको. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या शेजारी रात्र रात्र बसून नोंदी केल्या. त्यांचे निरीक्षण 1982 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने त्यांनी विंचूदंशाच्या उपचाराचे चित्रच पालटून टाकले. तिथे रुग्ण समोर होता, औषध दुकानात होते आणि परिणाम काही तासांत दिसत होता.

सर्पविषाचा प्रश्न तसा नाही. त्यासाठी एकसारख्या नोंदी ठेवणारी सात-आठ रुग्णालये हवीत. साप अचूक ओळखणारा माणूस हवा. रुग्णाच्या रक्तातले विष मोजणारी प्रयोगशाळा हवी. साप पकडून विष काढायचे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी हवी. किती रुग्ण तपासले म्हणजे निष्कर्ष भरवशाचा ठरेल, हे आधीच सांगणारा संख्याशास्त्रज्ञ हवा. नैतिकता समिती हवी, पगारी क्षेत्र-कर्मचारी हवेत आणि तीन-चार वर्षे पुरेल एवढा पैसा हवा. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी वॉर्ड, मध्ये शवविच्छेदन आणि कोर्टाची तारीख सांभाळणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरने हे सगळे एकट्याने जमवणे अशक्य आहे. इथे मोट बांधावी लागते. आणि मोट बांधणे हे रुग्ण तपासण्यापेक्षा अगदी वेगळे कौशल्य आहे.

बार्शीची वही

ही मोट कशी बांधली जाते, याचे उत्तम उदाहरण मराठवाड्याच्या सीमेवर आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीने 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी, शेजारच्या जिल्ह्यातले परांडा आणि भूम, अशा तीन तालुक्यांतली खेडी. खेड्यातला कर्करोगाचा रुग्ण रुग्णालयात यायचाच नाही, तर त्याची नोंद कशी होणार? म्हणून कर्मचारी गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, सुईणी यांच्याशी बोलू लागले. कोणाला अंगावरून जाते का, कोणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे का, असे विचारू लागले. संशयित रुग्णाला तपासणीपर्यंत आणू लागले. डॉ. कस्तुरी जयंत यांच्या नेतृत्वाखाली हे काम वर्षानुवर्षे चालले. त्यातून दोन गोष्टी हाती आल्या. एक, या भागातल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग फार आहे, ही खात्रीची माहिती. दुसरी, गावकऱ्यांचा विश्वास.

तब्बल बारा वर्षांनंतर, 1999 च्या सुमारास, मोठा पैसा आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या पाच आंतरराष्ट्रीय संस्थांची आघाडी तेव्हा उभी राहत होती. तिला बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचे पाठबळ होते. आघाडीत फ्रान्समधल्या लिऑन शहरातली, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था होती. या संस्थेला विचारायचे होते : गरीब देशात आयुष्यात एकदाच तपासणी शक्य असेल, तर कोणती करावी? त्यासाठी हजारो बायकांपर्यंत पोचू शकणारी आणि पुढे आठ वर्षे त्यांचा माग ठेवू शकणारी यंत्रणा लागणार होती. ती बार्शीकडे तयार होती. आराखडा आणि संख्याशास्त्र लिऑनचे, तज्ज्ञता टाटा मेमोरियलची, गावांशी नाते बार्शीचे. तिघांपैकी एक जरी नसता तरी हा अभ्यास उभा राहिला नसता.

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांचे 52 गट पाडून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांना चार शाखांत विभागले गेले. एका शाखेत एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसरीत पॅप तपासणी, तिसरीत व्हिनेगरमधले ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली पाहणी आणि चौथीत नेहमीची व्यवस्था. निकाल 2009 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एचपीव्ही चाचणीच्या शाखेत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते, तपासणी न मिळालेल्या शाखेत 64. एकाच चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणण्याजोगी घट दाखवली नाही. आज जागतिक आरोग्य संघटना तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागे आपल्या धाराशिवच्या बायकांचा हा पुरावा आहे.

या गोष्टीत पैसा शेवटी आला, हे ध्यानात घ्यायला हवे. आधी वही आली, मग नाती, मग नेमका प्रश्न आणि मग निधी. आपल्याकडे बहुतेकदा उलटे होते. अनुदानाची जाहिरात निघते, अखेरच्या तारखेला आठ दिवस उरतात आणि मग प्रश्न शोधायला सुरुवात होते.

उरलेला काटा

याच अभ्यासावर पुढे कठोर टीकाही झाली. तपासणी उपयोगी असते हे जगाला ठाऊक असताना चौथ्या शाखेतल्या 31 हजारांहून अधिक महिलांना ती का दिली नाही, असा सवाल विचारला गेला. त्या भागात तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे त्यांचे काही काढून घेतले नाही, शिवाय त्यांना आरोग्यशिक्षण आणि सेवांची माहिती दिली, असे संशोधकांचे उत्तर होते. दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटते की टीकेत तथ्य आहे. 64 हा आकडा आलेखावरचा बिंदू नाही, ती 64 घरे आहेत. परदेशी पैसा, देशी तज्ज्ञ आणि गावातली बाई या तिघांत बोलण्याची ताकद सारखी नसते. म्हणून मोट बांधतानाच सर्वांत दुबळ्या भिडूच्या बाजूने कोणीतरी बोलावे लागते. ते काम नैतिकता समितीचे आहे आणि चांगल्या सल्लागाराचेही.

एकत्र संशोधन न झाले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. करोनाच्या पहिल्या वर्षी प्लाझ्मासाठी नातेवाईक जिल्हा पालथा घालत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, एप्रिल ते जुलै 2020 मध्ये देशभरातल्या 39 सरकारी आणि खासगी रुग्णालयांत एकच आराखडा राबवून 464 रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली. प्लाझ्माने मृत्यू कमी होत नाहीत, आजार गंभीर होणेही थांबत नाही, असे दिसले. एकेका रुग्णालयाला बारा-पंधरा रुग्णांवरून हे कधीच कळले नसते. पुढे मे 2021 मध्ये प्लाझ्मा अधिकृत उपचारांतून वगळला गेला.

पैसा कुठून, कोणत्या अटींवर?

निधी देणारे आज कमी नाहीत. आयसीएमआर आहे, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे, 2023 च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी 2008 साली सुरू केलेली ‘इंडिया अलायन्स’ एकेका शास्त्रज्ञाबरोबरच आता अनेक संस्थांच्या गटांनाही अनुदान देते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून सरकारी विद्यापीठांना आणि राष्ट्रीय संशोधन संस्थांना संशोधनासाठी पैसा देण्याची मुभा कायद्यात आहे.

अडचण अटींची आहे. परदेशी संस्था भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. 2020 साली परकीय देणगी नियमन कायदा बदलला. तेव्हापासून परदेशी देणगी घेणारी संस्था त्यातला वाटा दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करू शकत नाही. म्हणजे एका मोठ्या संस्थेने पैसा घ्यायचा आणि चार लहान संस्थांना वाटायचा, हा जुना मार्ग बंद झाला. औषधाची चाचणी असेल तर तिची आधी राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करावी लागते. पैसा आल्यावर दरवर्षी हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते अडले की पुढचा हप्ता अडतो आणि गावात फिरणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार थकतो. सरकारी दवाखान्यात आणखी एक अडचण म्हणजे बदली. अभ्यास चार वर्षांचा आणि डॉक्टर तीन वर्षांचा. म्हणून अशा कामाची जबाबदारी एका व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या आणि संस्थेच्या नावावर ठेवावी लागते.

आणि एका कामासाठी पैसा जवळजवळ कोणीच देत नाही, ते म्हणजे पूर्वतयारी. भागीदारांना भेटणे, जुने केसपेपर चाळून रुग्णसंख्येचा अंदाज घेणे, प्रश्नावली मराठीत आणून दहा घरांत वापरून पाहणे, करारनामा लिहिणे. या सहा-आठ महिन्यांचा खर्च थोडा असतो, पण अनेक चांगल्या कल्पना नेमक्या इथेच विरतात.

सल्लागार : कामाचा आणि बिनकामाचा

या पोकळीत आता सल्लागार आले आहेत. संशोधन-व्यवस्थापन हा परदेशात रीतसर व्यवसाय आहे. आपल्याकडेही इंडिया अलायन्सने 2018 पासून संशोधन-व्यवस्थापक तयार करण्यासाठी वेगळा उपक्रम चालवला आहे. चांगला सल्लागार प्रश्न धारदार करून देतो, योग्य भागीदार शोधतो, अंदाजपत्रकात प्रवासभाडे आणि रक्ताचे नमुने थंड ठेवण्याचा खर्चसुद्धा धरतो. कोणाचे नाव कुठे येईल, माहितीची मालकी कोणाची, भांडण झाले तर मिटवायचे कसे, हे पैसा येण्याआधी कागदावर आणतो. कधी कधी ‘तुमची तयारी नाही, यंदा अर्ज करू नका’ असेही सांगतो. तो सल्ला सर्वांत मोलाचा.

दुसऱ्या जातीचे सल्लागारही फिरतात. ते ‘अनुदान हमखास’ म्हणतात, तयार प्रस्तावात गावाचे नाव बदलून देतात, मंजूर रकमेत टक्केवारी मागतात. अमेरिकेतल्या अनुदान-व्यावसायिकांच्या संघटनेची आचारसंहिता टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई करते. कारण उघड आहे : ज्याची कमाई रकमेवर अवलंबून, तो रक्कम फुगवणारच. आणि फुगलेल्या प्रस्तावात ठरवलेले रुग्ण मिळाले नाहीत की आकडे ‘जुळवण्याची’ वेळ येते. त्या जुळवलेल्या आकड्यांवरून उद्या कोणाच्या तरी औषधाचा डोस ठरतो. म्हणून हा केवळ पैशांचा घोटाळा नाही, तो रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

खानदेशात काय करता येईल?

आपल्याकडे भिडू आहेत. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे औषधवैद्यकशास्त्र आणि जनऔषधशास्त्राचे विभाग आहेत. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्राची माणसे आहेत. जामनेर, चोपडा, शिरपूर अशा ठिकाणी सरकारी रुग्णालयांत रुग्ण आहेत. वनखाते आहे. सापांना न मारता सोडून देणारे सर्पमित्र गावोगाव आहेत. मुंबईत प्रतिविष बनवण्याची जुनी परंपरा असलेले हाफकिन आहे. केंद्राच्या योजनेतून डहाणूला आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र उभे आहे. सरकारी ग्रामीण आरोग्य केंद्र आणि मोठी संशोधन संस्था यांची जोडी तिथे घातली आहे. तशी जोडी तापी खोऱ्यातही घालता येईल.

सुरुवात वहीपासूनच करावी. सर्व रुग्णालयांत सर्पदंशाची एकसारखी नोंद : दंशाची वेळ, जागा, रुग्ण पोचल्याची वेळ, आधी कुठे गेला होता, सापाचा फोटो असल्यास कोणता साप, वीस मिनिटांच्या चाचणीचा निकाल, किती कुप्या दिल्या, किती वेळाने रक्त गोठले, डायलिसिस लागले का आणि शेवटी काय झाले. दहाच रकाने. यासाठी परदेशी पैसा लागत नाही, एक परिपत्रक आणि महिन्याला एक बैठक लागते. दोन पावसाळे अशी वही नीट भरली तर प्रयोगशाळा आणि निधी देणारे यांच्यासमोर जाताना हातात गृहीतक नव्हे, पुरावा असेल. सिकलसेल, उष्माघात, कपाशीवरच्या फवारणीतली विषबाधा या खानदेशाच्या इतर प्रश्नांसाठीही हाच मार्ग आहे.

तुमच्या दारात कोणी फॉर्म घेऊन आले तर

संशोधनात सर्वांत मोठी गुंतवणूक रुग्णाची असते. तो आपले रक्त, वेळ आणि खासगी माहिती देतो. म्हणून कोणी अभ्यासासाठी आले तर नकार देण्याची घाई करू नका, सहीचीही करू नका. आधी एवढे विचारा. हा अभ्यास कोणत्या संस्थेचा आहे आणि पैसा कोणाचा? कोणत्या नैतिकता समितीने परवानगी दिली? माझ्यावर नेमके काय केले जाणार आणि मी कोणत्या गटात असेन? त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार? मध्येच बाहेर पडलो तर माझा नेहमीचा उपचार चालू राहील ना? संमतिपत्र मराठीत आहे का आणि त्याची प्रत मला मिळेल का? आणि शेवटचा प्रश्न, जो फार कमी लोक विचारतात : निष्कर्ष निघाल्यावर ते आमच्या गावात येऊन सांगणार का?

या प्रश्नांची उत्तरे देता येतील असाच अभ्यास आखायचा, एवढे बंधन मोट बांधणाऱ्यांनी पहिल्या बैठकीत स्वतःवर घालून घ्यावे. मग निधी दिल्लीचा असो की लंडनचा, संशोधन जामनेरचेही राहील.